धुळीतली रेघ आणि चौकातली देवी

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून फिरताना कारखान्यांच्या कुंपणभिंतींवर पांढऱ्या रंगातली माणसे नाचताना दिसतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले, वर वाटोळे डोके, काड्यांसारखे हातपाय. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळसे घेणारी साखळी. ही चित्रे आता सरकारी कचेऱ्यांवर, पंगतीच्या मांडवांवर, चहाच्या कपांवर आणि लग्नपत्रिकांवरही असतात, आणि नेमक्या याच कारणाने ती कोणी पाहत नाही. आम्ही दोघे या परिसरात एम.ए.च्या वर्गाला लोकसाहित्य शिकवतो. दरवर्षी जिव्या सोमा म्हसे यांचे नाव अभ्यासक्रमाच्या ओघात येते, टिपणे होतात आणि आम्ही पुढे सरकतो. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, चौक तर बायका काढतात. मग या मुलाला घरचे काही बोलले नाहीत का?"

आम्ही त्या दिवशी काहीतरी उत्तर दिले. ते समाधानकारक नव्हते हे तिलाही कळले आणि आम्हालाही. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात वारली चित्रकलेच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाची गोम आहे. ज्या घरात चित्र ही कला नसून देवीला बोलावण्याची विद्या असते, त्या घरातले एखादे मूल ती विद्या नेमाबाहेर, वेळेबाहेर आणि स्वतःच्या मनासाठी वापरू लागले तर घर त्याच्याकडे कसे पाहते? त्याला शहाणे ठरवते, वेडे ठरवते, की धोकादायक?

प्रथम हे 'घर' कसे आहे ते पाहिले पाहिजे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेण-मातीचा लेप, त्यावर गेरू. तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोकाला चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. लग्नघरात या भिंतीवर सवाशिणी चौक काढतात. चौक म्हणजे नक्षीदार चौकट. तिच्या आत पालघट देवी, वनस्पतींची आणि सुफलतेची अधिष्ठात्री. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. बाहेर झाडे, पाखरे, नाचणारी माणसे, बाशिंग बांधलेली नवरानवरी. मात्र बाहेरच्या या साऱ्या पसाऱ्याला आतल्या देवीमुळे अर्थ आहे. चौक झाल्यावाचून लग्न लागत नाही. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे विधीची गाणी गाणारी स्त्री. आमच्या विद्यार्थ्यांना याचे फार नवल वाटते, कारण पुरोहित म्हटला की त्यांच्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो. आणि या सगळ्यांच्या जोडीला भगत असतो. तो देवतांशी बोलतो, अंगात घेतो, आजाराचे कारण सांगतो, पिकाच्या वेळी घांगळीच्या तारेवर कन्सरी या धान्यदेवतेची कथा रात्ररात्र गातो.

म्हणजे रेखाटणारी, गाणारी आणि बोलावणारा अशी ही विभागणी आहे. कुडापाठीमागे हिरवा देव आहे, शिवेवर वाघ्या आहे, पावसाचा नारनदेव आहे. माणसांची संख्या घरात कमी आणि देवांची जास्त असा हा संसार. इथे चित्र 'सुंदर' आहे की नाही हा प्रश्न दुय्यम असतो. चित्र बरोबर आहे की नाही, देवीने ते मानले की नाही, हा खरा प्रश्न. सौंदर्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक घेऊन बसलेल्या आमच्यासारख्यांना हा भेद समजायला वेळ लागतो. रांगोळी मोडली तर पुन्हा काढता येते, पण चुकलेल्या मंत्राचे तसे नसते. चौक हा रांगोळीपेक्षा मंत्राच्या अधिक जवळचा आहे.

आणखी एक अट लक्षात घ्यावी. चौक काढणारी सवाशीण असावी लागते. म्हणजे एखाद्या बाईचा हात कितीही सुरेख चालत असला, आजूबाजूच्या पाड्यांवरून तिला बोलावणे येत असले, तरी नवरा गेला की चौकावरचा तिचा हक्कही गेला. बोटांतले कसब तेच, पण ते आता अशुभ. घराने एखाद्या गुणाची किंमत कशी केली याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते असेल? गुण हा व्यक्तीचा नव्हताच, तो पदाचा होता.

अशा घरात १९३४ साली, आजच्या तलासरी तालुक्यातल्या धामणगावात, जिव्या जन्मला. तो सातएक वर्षांचा असताना आई गेली आणि त्याने बोलणे सोडले. पुढची कित्येक वर्षे तो धुळीत रेघा काढून आपले म्हणणे सांगत असे, अशी हकिकत त्याच्या सर्व चरित्रनोंदींत आढळते. वयाच्या अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. बोईसरहून गाडीने वाणगाव आणि डहाणू रोड गाठून पूर्वेला आत वळले की हा मुलूख सुरू होतो. समुद्राकडची बाग-चिकूची वस्ती मागे पडते आणि साग, पळस, ताड दिसू लागतात.

न बोलणारे पोर. आई नाही. दिवसभर जमिनीवर रेघोट्या. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात अशा मुलाचे काय झाले असते याची कल्पना करणे अवघड नाही. डॉक्टर, मग देवऋषी, मग "मुलगा अभ्यासात मागे आहे" अशी शिक्षकांची तक्रार. वारली पाड्यावर जे घडले ते वेगळे होते. या विचित्र वागण्यामुळे त्याला समाजात एक वेगळे स्थान मिळाले, अशी नोंद आहे. ते एक वाक्य वाचून पुढे जाता येत नाही. 'वेगळे स्थान' म्हणजे काय?

आमचा तर्क असा. भगताच्या संस्थेमुळे या समाजाजवळ विचित्र माणसासाठी एक जागा आधीच तयार होती. भगतपण केवळ जन्माने मिळत नाही. ते जुन्या भगताकडून शिकावे लागते, आणि मुख्य म्हणजे देवतेने त्या माणसाला धरावे लागते. थरथरणारा, तंद्रीत जाणारा, इतरांना न दिसणारे पाहणारा माणूस हा तिथे अपवाद असला तरी अनोळखी नाही. बोलणे सोडलेला आणि रेघांतून बोलणारा पोरगा म्हणूनच कदाचित 'बिघडलेला' ठरला नसावा. त्याला काहीतरी धरून आहे, एवढे मानले गेले असावे. तो भगत झाला नाही. चौकाच्या विधीत पुरुष म्हणून त्याला अधिकार नव्हता. पण धुळीवर कोणाचाच अधिकार चालत नाही. भिंत सवाशिणींची, गाणे धवलेरीचे, देव भगताचे, आणि उरलेली धूळ या मुलाची अशी ती न ठरवता झालेली वाटणी होती.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे एक दुसरे मूल आठवल्यावाचून राहत नाही. सतराव्या शतकातली बहिणाबाई, शिऊरची. आपली कथा तिने स्वतःच अभंगांतून सांगितली आहे. तिचे घरही विधीचे आणि मंत्रांचेच, नवरा वेदविद्या जाणणारा, पौरोहित्य करणारा. कोल्हापुरात असताना, वय अकराच्या आसपास, एका वासराशी तिचा विलक्षण जीव जडला. ती जयरामस्वामींच्या कीर्तनाला त्या वासराला घेऊन जाऊ लागली. लोक या मुलीकडे आदराने पाहू लागले आणि नवऱ्याने तिला बांधून मारले. मंत्रविद्या ज्याच्या घरात होती त्याला आपल्याच घरातली साक्षात अनुभूती सोसली नाही. पोथीने प्रमाणित केलेले दैवी ते दैवी, आणि बायकोला, त्यातही एवढ्याशा पोरीला, कीर्तनात जाणवते ते थोतांड. नवऱ्याचे मत पुढे बदलले हेही ती सांगते. पण आधी मार होता.

दोन घरांची ही तुलना सरळ नाही, हे आम्हाला कळते. काळ वेगळा, जात वेगळी, आणि मुख्य म्हणजे एक मुलगा व एक मुलगी. या शेवटच्या मुद्द्याकडे परत येऊच. तूर्त एवढेच म्हणू की ज्या घराची विद्या लिखित असते ते घर नेमाबाहेरच्या गुणाला लवकर भिते.

पण वारली पाड्याचे हे चित्र फार गोड होऊ लागले आहे, ते थांबवले पाहिजे. जिव्या अकरा वर्षांचा झाला ते साल १९४५. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या जन्मगावच्याच तालुक्यात, झरी येथे, किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असे ठरले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या लढ्याची हकिकत लिहिली. १९७२ साली त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या विद्यार्थ्यांनी ते वाचलेले असते, निदान परीक्षेपुरते. त्यात 'लग्नगडी' हा शब्द येतो. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलायचे आणि त्या बदल्यात त्याच्याकडे राबायचे. कर्ज फिटत नसे, म्हणून राबणे संपत नसे, आणि नवऱ्यामागून बायकोही त्याच दावणीला बांधली जाई. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मेले.

आता चौकाकडे पुन्हा पाहा. ज्या लग्नासाठी भिंतीवर पालघट देवी अवतरत होती, तेच लग्न नवरदेवाला आयुष्यभराची गुलामी लावून देत होते. देवी सुफलतेची आणि पीक जमीनदाराचे. वारली चित्रांवर लिहिताना 'निसर्गाशी एकरूप झालेले निरागस जीवन' हे शब्द जो कोणी वापरतो त्याने ही गोष्ट विसरून चालत नाही. आम्हीही कधीकाळी ते शब्द फळ्यावर लिहिले आहेत, हे कबूल केले पाहिजे.

पुढचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. मुंबईच्या विणकर सेवा केंद्राशी संबंधित चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७०च्या दशकाच्या आरंभी या भागात आले. मिथिलेत १९६६च्या दुष्काळानंतर पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने त्यांनी तिथल्या स्त्रियांना भिंतीवरचे चित्र कागदावर उतरवायला प्रवृत्त केले होते. तोच प्रयोग येथे. कागद वाटले गेले, आणि त्या कागदांतून जिव्याची रेघ उठून दिसली. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्याचे प्रदर्शन भरले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यापुढे मासे धरण्याचे भले मोठे जाळे कागदभर पसरू लागले, मुंग्यांच्या रांगा आल्या, खळी आली, लोककथा आल्या. चौकातली देवी मात्र बहुधा नव्हती. तिला कागदावर बोलावून पाठवायचे कोठे?

या घटनेला 'शोध' म्हणायची पद्धत आहे. तो शब्द आम्हाला खटकतो. मिथिलेत आणि डहाणूत एकाच माणसाने एकाच हेतूने कागद वाटले, आणि निष्पत्ती अगदी उलट झाली, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. मिथिलेत जगदंबा देवी (पद्मश्री १९७५), सीता देवी (१९८१), गंगा देवी (१९८४) ही बायकांची नावे देशाला कळली. डहाणूत चित्रे काढणाऱ्या बायका आणि नाव झाले एका पुरुषाचे. त्याच्यामागून जे चित्रकार पुढे आले त्यांतही पुरुषच अधिक. असे का झाले? जिव्याची प्रतिभा असामान्य होती हे एक कारण, आणि ते खोटे नाही. पण तेवढ्याने एक संपूर्ण परंपरा बायकांच्या हातून पुरुषांच्या हातात जात नाही. आम्हाला वाटते, सवाशिणीच्या दृष्टीने चौकाबाहेरच्या चित्राला काही प्रयोजनच नव्हते. ती देवीसाठी काढत होती, आणि लग्न लागले की तिचे काम संपत होते. विकण्यासाठी, रोज, बाजारात उभे राहून काढायचे तर त्यासाठी घराबाहेर पडता यावे लागते, मुंबईची गाडी पकडता यावी लागते. ज्याला चौकाचा अधिकार कधी नव्हताच, त्याच्यावर चौकाचे बंधनही नव्हते. नेमाबाहेर राहिलेल्याला बाजार आधी सापडला.

कागदाने एक उपकार मात्र केला. कागद कोणाला सवाशीण आहेस का असे विचारत नाही.

आता त्या राहिलेल्या मुद्द्याकडे. समजा बोलणे सोडलेले, धुळीत रेघा ओढणारे ते मूल मुलगी असते तर? वारली समाजातच 'भुताळी' ही कल्पना आहे. गावात कोणी आजारी पडले, गुरे मेली, तर त्याचा ठपका एखाद्या बाईवर येऊ शकतो, आणि ती भुताळी आहे हे सांगणारा असतो भगत. एकटी, विधवा, फटकळ, किंवा नुसतीच इतरांसारखी नसलेली बाई या संशयाला अधिक बळी पडते. यातून मारहाणी झाल्या आहेत, जीव गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २०१३मधल्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याचा पालघरच्या पाड्यांशी संबंध आहे तो असा. म्हणजे ज्या व्यवस्थेने एका मुक्या मुलाला 'वेगळे स्थान' दिले त्याच व्यवस्थेजवळ वेगळ्या बाईसाठीही एक स्थान राखून ठेवलेले होते. जादूवर विश्वास असलेले घर विचित्रतेला जागा देते, हे आम्ही वर म्हटले. ते खरे आहे, पण ती जागा कोणती हे मुलाचे लिंग पाहून ठरते. आपल्या शहरी, विज्ञाननिष्ठ म्हणवणाऱ्या घरांतही हे फार वेगळ्या रीतीने ठरते असा आमचा दावा नाही.

याच्या पुढची गंमत पॅरिसमधली आहे. १९८९ साली तिथे पाँपिदू केंद्रात आणि ला व्हिलेतच्या सभागृहात जाँ-युबेर मार्तँ यांनी एक गाजलेले प्रदर्शन भरवले. त्याच्या नावाचा अर्थ 'पृथ्वीवरचे जादूगार'. जगभरच्या कलावंतांना, महानगरातल्या आणि रानातल्या, त्यांनी एका छताखाली आणले. त्यांत जिव्या सोमा म्हसे होते, मिथिलेच्या बौआ देवी होत्या, मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढ सिंह श्याम होते. आपल्या पाड्यावर ज्याला भगताचे पद कधी मिळाले नाही, चौकाजवळ जाण्याचा अधिकार मिळाला नाही, तो माणूस पॅरिसमध्ये एकदम जादूगार ठरला. तिथल्या समीक्षकांनी या नावावर पुष्कळ वाद घातला. पश्चिमेकडच्यांनी आपल्या चित्रकारांना कलावंत म्हणायचे आणि इतरांना मांत्रिक, असे हे नाही ना, हा आक्षेप होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण आम्हाला त्यातला दुसराच विरोध लक्षणीय वाटतो. चित्र मंत्रातून सुटले, तेव्हा कुठे ते जादू म्हणून विकले गेले.

जनगढचे उदाहरण येथे शेजारी ठेवावे. तो परधान घरातला. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गाते. बाना वाजवून बडा देवाला जागवणे हे त्यांचे काम. १९८०च्या दशकाच्या आरंभी ज. स्वामिनाथन यांच्या भोपाळच्या चमूला या तरुणाने भिंतीवर काढलेले चित्र दिसले आणि तो भारत भवनात आला. जे देव आजवर केवळ गाण्यातून येत होते त्यांना त्याने रूप दिले. घराची विद्या कानाची होती, ती त्याने डोळ्यांकडे वळवली. त्याच्यामागून भाऊबंद भोपाळला आले, शिकले, आणि त्या शैलीला त्याच्याच नावाने 'जनगढ कलम' म्हणतात. २००१ साली जपानमधल्या मिथिला संग्रहालयात काम करत असताना त्याने आत्महत्या केली. त्यावर लिहावे असे पुष्कळ आहे, पण ते या लेखाचे काम नव्हे.

जिव्या म्हसे मात्र कळंबीपाड्यावर परत येत राहिले. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांची चित्रे मांडली गेली. लाँग हे चालून चालून जमिनीवर रेघ उमटवणारे कलावंत, आणि शेजारी धुळीत रेघ ओढून बोलायला शिकलेला माणूस. ही जोडी जमवणाऱ्याला हे सुचले असेल का, कोण जाणे. २००९ साली प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. तोपर्यंत ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला होता आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले होते. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगे चित्रकार झाले. बापाच्या मुक्या छंदाचे दुसऱ्या पिढीत घराणे झाले. आता कळंबीपाड्यावरचे एखादे मूल चित्र न काढता गणितच करत बसले, तर कदाचित तेच विचित्र ठरेल.

त्या विद्यार्थिनीला आम्ही नंतर पुन्हा गाठले. तिच्या प्रश्नाला आम्ही जे वर मांडले आहे ते थोडक्यात सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, तिची आजी चौक काढायची, आसपासच्या पाच-सहा पाड्यांवरून तिला बोलावणे यायचे. आजोबा गेल्यापासून काढत नाही. पण लग्नघरी गेली की भिंतीसमोर बसते, आणि कोणाचा हात चुकला की लांबूनच बोटाने दाखवते. आम्ही आजीचे नाव विचारले, तशी ती हसली आणि म्हणाली, "घरी सगळे आजीच म्हणतात. विचारून सांगते."